सरासरी सुधारली, दरी तशीच: अमेरिकेच्या आरोग्य-उद्दिष्टांची चाळीस वर्षं

आजच्या भागाचा हा लिखित अवतार. लोकलमध्ये रेंज जाते म्हणणाऱ्यांसाठी आणि 'ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं' म्हणणाऱ्यांसाठी खास. बोलता बोलता जे वाहवत गेलं होतं ते थोडं आवरलंय, बाकी गोष्ट तीच.

सुरुवात काही आकड्यांनी करू. घाबरू नका, थोडेच आहेत.

१९८० साली अमेरिकेत जन्मलेल्या दर हजार गोऱ्या बाळांपैकी साधारण ११ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. कृष्णवर्णीय बाळांमध्ये हाच आकडा साधारण २२ होता. म्हणजे बरोबर दुप्पट. आता थेट २०२२ मध्ये या. गोऱ्या बाळांमध्ये ४.५ आणि कृष्णवर्णीय बाळांमध्ये १०.९.

पहिल्यांदा पाहिलं की वाटतं, वा! दोन्ही आकडे निम्म्यावर आले की. आलेच आहेत, आणि त्यामागे लाखो वाचलेली बाळं आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण आता भागाकार करून बघा. १९८० मध्ये फरक दुप्पट होता, २०२२ मध्ये जवळपास २.४ पट. सगळे पुढे सरकले, पण मागे असलेला मागेच राहिला. बेचाळीस वर्षांनी कृष्णवर्णीय बाळं तिथे पोचली, जिथे गोरी बाळं १९८० मध्येच होती.

आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, दुःख म्हणजे, ही दरी मिटवायची असं मधल्या काळात अमेरिकेनं अधिकृतपणे ठरवलं होतं. लेखी. तारखेसह. म्हणून आजचा प्रश्न असा: एखाद्या देशानं दरी कमी करायचं ठरवलं, आकडा लिहिला, डेडलाइन दिली, तरी ती कधी मिटते आणि कधी नाही?

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण या गोष्टीत मला माझ्याच कामातली एक जुनी चूक दिसली, म्हणून हा विषय घेतला. आमच्या टीमच्या डॅशबोर्डवर 'सरासरी रिस्पॉन्स टाइम' नावाचा एक मोठ्ठा हिरवा आकडा असायचा. दर आठवड्याला तो सुधारायचा, आम्ही खूश. आणि त्याच वेळी स्लो नेटवर्कवरच्या युजर्सचं ॲप उघडतच नव्हतं. ते संख्येनं कमी, त्यामुळे सरासरीत दिसायचेच नाहीत. डॅशबोर्ड खोटं बोलत नव्हता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

आकडा कुणाच्या हातात आहे?

आता जरा मागे जाऊ. १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन नावाच्या माणसानं एक पुस्तक लिहिलं. हा प्रुडेन्शियल या विमा कंपनीचा सांख्यिकीतज्ज्ञ. त्याच्याकडे मृत्यूंचे भरपूर आकडे होते. कृष्णवर्णीय लोक लवकर मरतात, हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. इथपर्यंत ठीक. पण निष्कर्ष काय काढला? की हा त्यांच्या वंशाचाच दोष आहे. आणि ज्यांचा दोष 'जन्मजात' ठरला, त्यांना विमा देणं धोक्याचं. आकडे बरोबर, अर्थ चुकीचा, आणि त्या अर्थाचा फायदा कुणाला, ते तुम्हीच ओळखा.

त्याच सुमारास डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हा तरुण समाजशास्त्रज्ञ फिलाडेल्फियाच्या सेव्हन्थ वॉर्डमध्ये दारोदार फिरत होता. घरात माणसं किती, खोल्या किती, काम काय, भाडं किती, आजार कुठले. १८९९ मध्ये त्याचं 'द फिलाडेल्फिया निग्रो' हे पुस्तक आलं, आणि १९०६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर त्यानं संपादित केलेला स्वतंत्र अभ्यास. त्याचं म्हणणं होतं की फरक आहे, पण तो रक्तातून आलेला नाही, राहण्या-खाण्याच्या परिस्थितीतून आलाय. घरं, पाणी, मजुरी आणि दवाखाने सुधारा, आकडे बदलतील.

सव्वाशे वर्षांपूर्वीचं हे भांडण लक्षात ठेवा. एकच आकडा एकाच्या हातात शिक्का होतो आणि दुसऱ्याच्या हातात कामाची यादी.

सरकारवरचा विश्वास हा आणखी एक धागा. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं अलाबामातल्या टस्कीगी भागात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना खरा आजार सांगितलाच नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे प्रभावी औषध उपलब्ध झालं, तेही दिलं नाही, कारण उपचाराविना आजार कसा वाढतो ते 'बघायचं' होतं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली तेव्हा कुठे हे थांबलं. चाळीस वर्षं! म्हणून पुढे जेव्हा सरकार म्हणालं, 'आम्ही तुमचं आरोग्य सुधारणार', तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल, याचा अंदाज बांधता येतो.

१९७९: देशाचे ओकेआर

आता आपण मुख्य गोष्टीवर आलो. १९७९, जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष, आणि सर्जन जनरल ज्युलियस रिचमंड. त्यांच्या कार्यालयानं 'हेल्दी पीपल' नावाचा अहवाल काढला. कल्पना साधी होती. आजार झाल्यावर खर्च करण्यापेक्षा तो होऊच नये यासाठी देशानं उद्दिष्टं ठरवावीत. तीही 'सर्वांना उत्तम आरोग्य लाभो' अशी दिवाळीच्या शुभेच्छांसारखी नकोत. आकडा हवा, वर्ष हवं.

अहवालानं आयुष्याचे टप्पे पाडले: तान्ही बाळं, मुलं, किशोर आणि तरुण, प्रौढ, वृद्ध. बाळांसाठी लक्ष्य असं की १९९० पर्यंत अर्भक मृत्यूदर हजारी ९ च्या खाली आणायचा. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, १५ विषयांत मिळून २२६ उद्दिष्टं जाहीर झाली. रक्तदाब, लसीकरण, धूम्रपान, अपघात, दात, कामाच्या जागेची सुरक्षा, सगळं.

ऑफिसात ओकेआर भरून वैतागलेल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. वाटायलाच हवं. पीटर ड्रकरनं १९५४ मध्ये 'उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन' ही कल्पना मांडली, तिच्यावरून इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हनं आजच्या ओकेआरची पद्धत बसवली. 'हेल्दी पीपल' हे त्याच कल्पनेचं सरकारी भावंड. कंपनीऐवजी देश, तिमाहीऐवजी दशक.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्या पहिल्या यादीतही फक्त सरासरी नव्हती. देशाचा दर ९, आणि शिवाय कुठल्याही वांशिक गटाचा दर १२ च्या वर नसावा, असं स्पष्ट लिहिलं होतं.

१९९० आलं. देशाचा दर ९.२. अगदी जवळ! पण कृष्णवर्णीय बाळांचा दर १८. लक्ष्य होतं जास्तीत जास्त १२.

सरासरीत जवळजवळ पास, आणि एका गटात दणदणीत नापास. एकाच परीक्षेचे हे दोन निकाल.

६०,००० माणसं

याच दशकाच्या मध्यावर एक महत्त्वाची गोष्ट घडली. रेगन सरकारमधल्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर. दरवर्षी देशाच्या आरोग्याचा आढावा निघतो, तो त्यांच्यासमोर आला. त्यात एकीकडे देशाची तब्येत सुधारतेय अशी आनंदाची बातमी, आणि दुसरीकडे अल्पसंख्याकांचे आकडे मात्र सतत मागे. त्यांनी एक कार्यदल नेमलं. १९८५ मध्ये अहवाल आला, तो 'हेकलर रिपोर्ट' म्हणूनच ओळखला जातो.

या अहवालानं 'जास्तीचे मृत्यू' ही कल्पना लोकांसमोर आणली. हिशोब असा: अल्पसंख्याकांचा मृत्यूदर गोऱ्यांइतकाच असता तर किती माणसं मेली असती? आणि प्रत्यक्षात किती मेली? या दोन आकड्यांतला फरक म्हणजे जास्तीचे मृत्यू. उत्तर आलं: वर्षाला सुमारे ६०,०००.

हजारी किती, टक्के किती, यानं माणूस हलत नाही. पण एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी माणसं दरवर्षी, ज्यांनी मरायचं काहीही कारण नव्हतं, असं म्हटलं की पोटात गोळा येतो. कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात, मधुमेह, दारू आणि इतर व्यसनांचे आजार, खून आणि अपघात, अर्भक मृत्यू. या सहा कारणांत ८० टक्क्यांहून जास्त जास्तीचे मृत्यू सामावले होते. म्हणजे कारणं गूढ नव्हती. बऱ्याच गोष्टी टाळता येण्यासारख्या होत्या.

अहवालाचा परिणाम झाला. १९८६ मध्ये अल्पसंख्याकांच्या आरोग्यासाठी सरकारात स्वतंत्र कार्यालय आलं. लॅटिनो, आशियाई, मूळनिवासी या गटांची माहितीच नीट गोळा होत नाही, हेही पुढे आलं. पण टीकाही झाली आणि ती रास्त होती. अहवालाचा भर लोकांना माहिती देण्यावर, शिकवण्यावर जास्त होता, नव्या पैशावर कमी. ज्याच्याकडे विमा नाही त्याला 'नियमित तपासणी करा' असं पत्रक देऊन काय होणार? रेंज नसलेल्या माणसाला 'ॲप अपडेट करा' असा मेसेज पाठवण्यासारखं ते.

दोन रांगांचं लक्ष्य

१९९० मध्ये पुढच्या दशकाची यादी आली, 'हेल्दी पीपल २०००'. ३१९ उद्दिष्टं, २२ विषय, आणि वर तीन मोठी ध्येयं: निरोगी आयुष्याची वर्षं वाढवणं, गटांमधली आरोग्याची दरी कमी करणं, आणि प्रतिबंधक सेवा सगळ्यांपर्यंत पोचवणं. दरी कमी करणं हे पहिल्यांदाच इतकं वर, मथळ्यात आलं होतं.

आता त्यातलं बाळांचं लक्ष्य बघा. देशासाठी, १०.१ वरून ७. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी ओळ, १७.९ वरून ११.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं, शंभर टक्के यश मिळालं असतं, तरी २००० साली कृष्णवर्णीय बाळं देशाच्या सरासरीच्या दीडपटीहून जास्त दगावली असती. दरी लक्ष्यातच लिहिलेली होती!

पण थोडं न्यायानं बोलू. ज्यांनी हे लिहिलं ते काही दुष्ट नव्हते. टक्केवारी काढली तर कृष्णवर्णीयांसाठी घट ३८ टक्क्यांच्या वर मागितली होती, आणि देशासाठी साधारण ३१. म्हणजे मागच्यांनी जास्त वेगानं पळावं, अशी अपेक्षा होती. 'दहा वर्षांत जमेल असंच लिहू' हा त्यामागचा व्यवहारी विचार. आपणही स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये हेच करतो की. प्रश्न इतकाच, की कागदावर दोन रांगा लिहिल्या की हळूहळू त्या दोन रांगा स्वाभाविक वाटायला लागतात.

निकाल? २००० मध्ये देशाचा दर ६.९. लक्ष्य गाठलं, टाळ्या. कृष्णवर्णीयांचा दर १४ च्या आसपास. त्यांची वेगळी, सोपी केलेली रेषाही गाठली नाही.

गोवराची गोष्ट

हे सगळं ऐकून वाटेल, म्हणजे उद्दिष्टं वगैरे सगळा कागदी खेळ. थांबा. याच दशकात एक दरी खरोखर मिटली. ती कशी, हे मला या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

१९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेत गोवराची मोठी साथ आली. सुमारे ५५,००० रुग्ण आणि १२० हून जास्त मृत्यू. लस तर १९६३ पासून होती! मग आजारी कोण पडलं? बरीचशी शाळेत न जाणारी लहान मुलं, मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांमधली, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो घरांतली, ज्यांना वेळेवर लस मिळालीच नव्हती.

का मिळाली नव्हती? आई-बापांना कळत नव्हतं म्हणून? हे सोपं उत्तर झालं. पण त्या मुलांचा माग काढल्यावर दुसरंच चित्र दिसलं. यातली कितीतरी मुलं डॉक्टरकडे जात होती. पण विमा नाही किंवा विम्यात लस बसत नाही, म्हणून डॉक्टर त्यांना सरकारी केंद्रावर पाठवायचे. म्हणजे आईनं आणखी एक दिवस सुट्टी काढायची, आणखी एक बस बदलायची, आणखी एका रांगेत उभं राहायचं. पगार कापला जातो, दुसरं पोर घरी असतं, आणि लस राहून जाते. तुम्ही कधी सरकारी कामासाठी 'उद्या या' ऐकलं असेल, तर हे समजायला अमेरिकेला जावं लागत नाही.

१९९३ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर १९९४ पासून 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' ही योजना सुरू झाली. रचना एकदम सरळ. केंद्र सरकार कंपन्यांकडून ठरलेल्या दरात घाऊक लस विकत घेतं आणि नोंदणी केलेल्या डॉक्टरांना फुकट देतं. विमा नसलेली, मेडिकेड या गरिबांच्या सरकारी योजनेतली, किंवा मूळनिवासी समाजातली १८ वर्षांपर्यंतची मुलं असतील, तर लसीचे पैसे लागणार नाहीत. मूल ज्या डॉक्टरसमोर बसलंय, त्याच खुर्चीवर, त्याच भेटीत लस. दुसरी बस नाही, दुसरी रांग नाही.

२००० साली अमेरिकेतून गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. आणि त्यापुढच्या दशकात गोवराच्या लसीत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गोऱ्या मुलांमधला फरक जवळजवळ संपला. सगळंच सोन्याचं झालं नाही, काही लसींमध्ये गरीब घरांतली मुलं अजून मागे असतात. पण वांशिक दरी मिटू शकते, हे सिद्ध झालं.

इथे कुणाच्या सवयी बदलायला गेलं नाही कुणी. वाटेतला अडथळा कुठे आहे ते शोधलं, तिथे पैसा लावला, आणि तो पैसा दरवर्षी बजेटच्या भांडणात अडकणार नाही असा कायदा केला.

'कमी करू' पासून 'मिटवू' पर्यंत

फेब्रुवारी १९९८. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आपल्या रेडिओवरच्या साप्ताहिक भाषणात जाहीर केलं की २०१० पर्यंत सहा क्षेत्रांतली वांशिक दरी मिटवायची: अर्भक मृत्यू, कर्करोगाची तपासणी आणि उपचार, हृदयविकार, मधुमेह, एड्स, लसीकरण. त्याच महिन्यात डेव्हिड सॅचर सर्जन जनरल झाले. अलाबामातल्या शेतकरी कृष्णवर्णीय कुटुंबातला हा माणूस, लहानपणी डांग्या खोकल्यानं मरता मरता वाचलेला. एका कृष्णवर्णीय डॉक्टरनं घरी येऊन उपचार केले, म्हणून जगला. त्याच्यासाठी हा विषय फाइलमधला नव्हता.

जानेवारी २००० मध्ये 'हेल्दी पीपल २०१०' आलं. ४६७ उद्दिष्टं, आणि मोठी ध्येयं दोनच. त्यातलं एक, आरोग्याची दरी मिटवणं. 'कमी करणं' हा शब्द गेला, 'मिटवणं' आला. आणि दोन रांगाही गेल्या. अर्भक मृत्यूदराचं लक्ष्य सगळ्यांसाठी एकच, ४.५. तेव्हा गोऱ्या बाळांचाच दर सहाच्या आसपास होता, म्हणजे लक्ष्य त्यांच्याही पुढचं.

मला हा बदल फार मोठा वाटतो. एका बाळासाठी एक मोजपट्टी आणि दुसऱ्या बाळासाठी दुसरी, हे आता चालणार नाही, असं देशानं म्हटलं.

आणि निकाल? अंतिम आढावा आला तेव्हा सुमारे ७१ टक्के उद्दिष्टं गाठली गेली होती किंवा त्यांच्या दिशेनं प्रगती झाली होती. छान. पण दरीचं काय? सुमारे ८० टक्के उद्दिष्टांमध्ये दरीत काहीच बदल नाही. आणखी १३ टक्क्यांमध्ये ती वाढली.

पुन्हा तोच डॅशबोर्ड. वर हिरवा आकडा, खाली तीच माणसं.

मग बाळांची दरी का मिटली नाही?

कारण तिथे 'अडथळा' एका ठिकाणी नाही. सगळ्यांना आधी वाटलं, गरिबी आणि शिक्षण हेच कारण. मग १९९२ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात आई-वडील दोघेही कॉलेज पदवीधर असलेल्या बाळांची तुलना होती. गोऱ्या पदवीधरांच्या बाळांत मृत्यूदर हजारी ५.४, कृष्णवर्णीय पदवीधरांच्या बाळांत १०.२. डिग्री तीच, दर दुप्पट. मुख्य कारण, खूप कमी वजनाची, वेळेआधी जन्मणारी बाळं.

'म्हणजे जनुकंच वेगळी असणार', हॉफमनचं भूत लगेच डोकं वर काढतं. त्यालाही उत्तर मिळालं. १९९७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जन्मांचा अभ्यास आला. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या स्त्रियांच्या बाळांचं सरासरी वजन ३,३३३ ग्रॅम. अमेरिकेतच जन्मलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या बाळांचं ३,४४६. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचं ३,०८९. जनुकांचा दोष असता तर आफ्रिकेतून आलेल्यांचं वजन सगळ्यात कमी हवं होतं. ते गोऱ्यांच्या जवळ निघालं.

म्हणजे काहीतरी असं आहे जे अमेरिकेत कृष्णवर्णीय म्हणून वाढताना अंगात मुरतं. वर्षानुवर्षांचा ताण, वस्तीतली हवा, डॉक्टरसमोर तक्रार केल्यावर 'काही नाही हो' असं ऐकून परत येणं. डू बॉइस बरोबर होता, फक्त 'परिस्थिती' हा शब्द आपल्याला वाटतो त्याहून खूप मोठा आहे. नऊ महिन्यांच्या तपासण्यांनी तीस वर्षांचं आयुष्य भरून निघत नाही.

आणि 'आशियाई' रकान्यातले आपण

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, हे गोऱ्या-काळ्यांचं चाललंय, आपल्याला काय? तर माझ्या मामेभावाची गोष्ट ऐका.

तो न्यू जर्सीत असतो. वय ३२, सडपातळ, बीएमआय २४. दोन वर्षं तिकडे नियमित तपासणीला जात होता. वजन नॉर्मल, वय कमी, मग साखर तपासायचं कारण काय? गेल्या वर्षी दिवाळीला पुण्याला आला. मामांना मधुमेह, त्यामुळे मामीनं धरूनच लॅबमध्ये नेलं. तीन महिन्यांची साखर चांगलीच वाढलेली निघाली. तो म्हणाला, "अगं आई, तिकडच्या चार्टमध्ये मी एकदम फिट आहे." मामी म्हणाली, "चार्ट तुझ्या बापाला बघून केलाय का?"

मामीला माहीत नव्हतं, पण तिनं नेमका मुद्दा पकडला होता. अमेरिकेच्या आकडेवारीत 'आशियाई' हा एक रकाना. त्यात जपानी, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, आणि आपणही. अर्भक मृत्यूपासून आयुर्मानापर्यंत या रकान्याची सरासरी बहुतेक वेळा उत्तम दिसते. पण दक्षिण आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह होतो आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो. रकाना एकच ठेवला की हे झाकलं जातं.

म्हणून २०१० पासून शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्याचं नाव चक्क 'मसाला'. पहिल्या फेरीत ९०६ जण होते. आणि २०१५ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं सल्ला बदलला: आशियाई वंशाच्या लोकांची साखर बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच तपासा. भावाचा २४ होता. सल्ला कागदावर आला होता, त्याच्या खुर्चीपर्यंत पोचला नव्हता. गोवराच्या लसीत जे जमलं ते इथे राहिलं.

भाऊ आता ठीक आहे. चालतो, भात कमी केलाय, गोळी घेतो. वेळेत कळलं म्हणून. न कळणारे किती असतील, ते कुठल्या रकान्यात दिसणार?

तर मग?

'हेल्दी पीपल' अजून चालू आहे. २०३० ची यादी २०२० मध्ये आली, तेव्हा मुख्य उद्दिष्टं ३५५ इतकी आवरली होती. चाळीस वर्षांनंतर मला त्या कार्यक्रमाबद्दल राग आणि आदर दोन्ही वाटतं. राग, कारण दरी तशीच आहे. आदर, कारण ती तशीच आहे हे आपल्याला माहीत आहे ते त्यांनीच गट वेगळे करून, दर दहा वर्षांनी स्वतःचा निकाल स्वतःच छापला म्हणून. स्वतः नापास झाल्याचं प्रगतिपुस्तक चौकात लावायला हिंमत लागते.

मला यातून जे समजलं ते इतकंच. गट वेगळे मोजले नाहीत तर दरी दिसत नाही. पण नुसती मोजली तर ती फक्त व्यवस्थित नोंदवली जाते. ती मिटली तिथेच, जिथे कुणीतरी विचारलं की नेमकं कुठे अडतंय, आणि त्या जागी पैसा आणि कायदा दोन्ही ठेवले. आणि जिथे अडथळा माणसाच्या सगळ्या आयुष्यात पसरलाय, तिथे आरोग्य खात्याची यादी एकटी पुरणार नाही. घर, नोकरी, शाळा, सगळी खाती त्या यादीत यावी लागतील.

आता पुढच्या वेळी 'राज्याचा दर इतका सुधारला', 'देशाची सरासरी इतकी वाढली' अशी बातमी फोनवर आली, की फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: सगळ्यात मागच्या गटाचा आकडा किती? तो बातमीत नसेल, तर बातमी अर्धीच आहे.

आणि हो, घरात कुणाला मधुमेह असेल तर बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. साखर तपासून घ्या. मामीचा निरोप आहे.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!